खासगी विद्यापीठाची मेरिट स्कॉलरशिप : फी भरणाऱ्या आत्याचा अभिप्राय

माझी भाची २०२४ साली खानापुरातून दुसरी पीयूसी, म्हणजे कर्नाटकातली बारावी, झाली. सायन्स, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी), ६०० पैकी ५४७. आता ती बंगळूरच्या एका खासगी विद्यापीठात इंजिनिअरिंगला आहे आणि तिला तिथली मेरिट स्कॉलरशिप मिळते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण असाच तक्ता बऱ्याच ठिकाणी दाखवतात. बेळगावातल्या शहापूरच्या पतसंस्थेत कर्जाची कागदपत्रं तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे भावाने फीचा सगळा व्यवहार माझ्याकडे दिला.

माहितीपत्रकातला तक्ता सोपा होता. बारावीला ९५ टक्के किंवा जास्त असतील तर निम्मी ट्यूशन फी माफ, ९० ते ९५ ला पाव, ८५ ते ९० ला दहा टक्के. ५४७ म्हणजे ९१.१७ टक्के. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, पाव फी माफ हाय बघ आपल्याला!"

पत्र आलं ते दहा टक्क्यांचं. विचारल्यावर कळलं, स्कॉलरशिपला फक्त फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स धरतात. तिचे ८४, ८९ आणि ९२, म्हणजे ३०० पैकी २६५, ८८.३३ टक्के. मराठीतले ९८ आणि इंग्लिशमधले ९३ बाजूला राहिले, बायोलॉजीचे ९१ सुद्धा. ट्यूशन फी वर्षाला २ लाख ६० हजार. ६५ हजारांऐवजी २६ हजार सूट, म्हणजे चार वर्षांत १ लाख ५६ हजारांचा फरक. इंजिनिअरिंगला हे तीन विषय, म्हणजे पीसीएम, बघणं मला मान्य आहे. कर्नाटकात सीईटीची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेची, इंजिनिअरिंगची रँकसुद्धा निम्मी पीयूसीच्या पीसीएमवर आणि निम्मी सीईटीच्या मार्कांवर ठरते. पण सीईटीचा तो नियम जाहीर असतो. इथे तक्त्यावर मोठ्या अक्षरात 'बारावीची टक्केवारी' आणि पीसीएमची अट अर्जाच्या शेवटच्या पानावर. पैसे गोळा करणाऱ्या घराला ही अट पहिल्या पानावर दिसायला हवी.

दुसरी गोष्ट परीक्षांची. २०२४ पासून पीयूसी बोर्ड वर्षात एकापेक्षा जास्त परीक्षा घेतं आणि विषयातले चांगले मार्क धरतं. या विद्यापीठाच्या स्कॉलरशिपला मात्र पहिल्याच परीक्षेचे मार्क चालतात. भाचीच्या वर्गातल्या एका मुलीने दुसऱ्या परीक्षेत फिजिक्सचे मार्क वाढवले, बोर्डाने ते दिले, विद्यापीठाने ते धरले नाहीत. हे मला अजिबात पटलेलं नाही.

सूट कधी मिळते हेही विचारून घ्या. पहिल्या सेमिस्टरला आम्ही पूर्ण फी भरली, वर्षाची सगळी सूट दुसऱ्या सेमिस्टरच्या फीमधून वजा झाली. हॉस्टेल, मेस आणि परीक्षा फी यांना सूट नाहीच. शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर पहिला हप्ता पुऱ्या रकमेचा धरूनच अर्ज करा.

आता चांगलं ते. कबूल केलेली सूट दरवर्षी न मागता फीच्या पावतीत येते. पत्रावर सही-शिक्का आहे आणि ईमेल केला की कार्यालयाकडून नीट लेखी उत्तर येतं. स्कॉलरशिप टिकवायला दरवर्षी ८ सीजीपीए (ग्रेडची सरासरी, १० पैकी) लागतो आणि एकही विषय राहून चालत नाही. पोरीने पहिल्या वर्षी ८.२ काढला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलगी ती, तिच्या या ८.२ चा मला फार अभिमान आहे.

केंद्र सरकारच्या कॉलेज विद्यार्थ्यांसाठीच्या शिष्यवृत्तीशी तुलना केली तर फरक ध्यानात येतो. ती दरवर्षी ८२ हजार नव्या मुलांना मिळते. तिथे ठरावीक टक्के नसतात, आपल्या बोर्डात आणि आपल्या शाखेत वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे शंभरातल्या वरच्या वीसजणांत, असावं लागतं, त्यामुळे कर्नाटकच्या मुलाची तुलना कर्नाटकच्याच मुलांशी होते. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. पहिली तीन वर्षं १२ हजार मिळतात, आणि पुढे चालू ठेवायला ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी पुरते. पण दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी घेणारा त्यात बसत नाही, म्हणून आम्ही २६ हजारांची बाजू धरली. निवड करायच्या आधी हा हिशेब घरी मांडाच.

टिळकवाडीतल्या आमच्या ओळखीच्या घरातला मुलगा अमेरिकेला अर्ज करत होता, तेव्हा त्याला नववीपासूनची प्रगतिपत्रकं जमवावी लागली. तिथली विद्यापीठं नववी ते बारावीचे ग्रेड बघतात आणि त्यांची सरासरी बहुधा ४ पैकी काढतात. कॅलिफोर्नियाचं सरकारी विद्यापीठ दहावी-अकरावीच्या ठरावीक विषयांवरून स्वतःची वेगळी सरासरी काढतं. जॉर्जिया राज्यात १९९३ पासून होप नावाची शिष्यवृत्ती आहे, तिला शाळेत ३.० सरासरी लागते आणि कॉलेजातही ३.० टिकवावी लागते. चार वर्षांच्या अभ्यासाला किंमत देणारी ही पद्धत ऐकायला बरी वाटते. आमच्या भागात ती जाचक ठरेल असं मला वाटतं. मराठी शाळेतून आलेलं पोर पहिल्या पीयूसीत एकदम इंग्लिशमधून फिजिक्स शिकायला लागतं, ते वर्ष धडपडण्यातच जातं. भाचीचे पहिल्या पीयूसीचे मार्क कुणी मोजले असते तर तिला दहा टक्केही मिळाले नसते. नुसत्या दुसऱ्या पीयूसीचे मार्क धरल्यामुळे तिला सावरायला वेळ मिळाला.

पाचपैकी तीन तारे देते. पीसीएममध्ये ९० च्या वर असलेल्या मुलांनी जरूर अर्ज करावा. काठावर असाल तर आधी सीईटीतून बेळगावातल्याच उद्यमबागेच्या इंजिनिअरिंग कॉलेजात काय मिळतं ते बघा, घरून ये-जा होते. आणि फी भरण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून विचारा : कुठले विषय धरता, कुठल्या परीक्षेचे मार्क, पुढच्या वर्षी किती सीजीपीए. उत्तर आलं की छापून फाइलला लावा. धाकट्या भाच्याचे ईमेल मी आत्तापासूनच पाठवायला घेतले आहेत.