सजावटीची चॉकलेट-पाने: कव्हर्चर की कंपाउंड?
पुडिंगवर लावायच्या जाळीदार पानांसाठी कव्हर्चर (भरपूर कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतला स्निग्धांश, असलेले चॉकलेट) घ्यावे की कंपाउंड चॉकलेट, असे एका मैत्रिणीने विचारले. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पतिजन्य स्निग्धांश असल्यामुळे ते नुसते वितळवून बटर पेपरवर कोनातून (शंकूसारख्या पिशवीतून) रेषा ओढल्या की काम होते. ते स्वस्तही पडते. कव्हर्चर मात्र टेम्पर करावे लागते, म्हणजे ठरावीक तापमानांतून न्यावे लागते. डार्क प्रकार ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत वितळवून, २७-२८ अंशांपर्यंत थंड करून पुन्हा ३१-३२ अंशांवर आणावा लागतो, आणि हे चुकले तर पानांवर राखाडी डाग उमटतात. साधले, तर पान चकाकते, कडकन मोडते आणि जिभेवर अलगद विरघळते. कंपाउंड मेणासारखे रेंगाळते, हे मला खरोखर खटकते. पाण्याचा थेंब गेला तर दोन्हींचा गोळा होतो. मुलांसोबत किंवा उष्ण हवेत करायचे असल्यास कंपाउंड बरे. चवीलाच महत्त्व असेल आणि थर्मामीटर हाताशी असेल, तर कव्हर्चर घ्यावे.