वेस्टर्ली सेंटॉर (१९७४): दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात ही शिडाची जुनी बोट ४,५०० पौंडांना घेतली. ऑगस्टअखेर तिच्यावर आणखी ५,२०० पौंड गेले आहेत. हा दुसरा आकडा घेण्याआधी कुणी सांगितला असता तरी मी घेतलीच असती, पण निदान बायकोला तोंड दाखवताना आधीपासून तयारी ठेवली असती.

आम्ही दक्षिण इंग्लंडात फेअरहॅमला राहतो, पोर्ट्समथच्या खाडीच्या वरच्या टोकाला. इथे उधाणाला पाणी जवळजवळ चार मीटर चढतं-उतरतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, दोनच्या आसपास. ओहोटीला खाडीत नुसता चिखल उरतो. त्यामुळे बोट निवडताना पहिला प्रश्न दिसण्याचा नव्हताच, पाणी गेल्यावर ती उभी कशी राहणार एवढाच होता. मनात काँटेसा ३२ ही दुसरी शिडाची बोट होती, खोटं कशाला बोलू. सडपातळ, देखणी, आणि १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतल्या वादळात तिच्या गटातून पूर्ण पार पडलेली एकमेव बोट काँटेसाच होती. पण तिला दीड मीटरहून जास्त खोल पाणी लागतं. सेंटॉरला तीन फूट पुरतात. तिच्या पोटाखाली एकाऐवजी दोन कील, म्हणजे तळाखालचे जड पंख, आहेत, पाणी गेलं की ती त्यांच्यावर म्हशीसारखी निवांत बसते. म्हणूनच कमी पाण्याच्या जागेचं स्वस्त मुरिंग, म्हणजे बोट बांधून ठेवायची जागा, परवडतं.

सेंटॉर १९६९ ते १९८० या काळात जवळजवळ अडीच हजार बनल्या. लॉरंट जाइल्सच्या कार्यालयाचं डिझाइन, पोर्ट्समथजवळच्या वॉटरलूव्हिलमध्ये बांधलेल्या. म्हणजे माझी बोट पन्नास वर्षांत माहेरापासून फार लांब गेलीच नाही. लांबी २६ फूट, वजन तीन टन. मी पाच फूट आठ इंच, आत ताठ उभा राहतो. झोपायला सहा जणांची सोय म्हणतात. चौघांत मजा येते, सहांत भांडणं होतील.

बघायला गेलो तेव्हा भेटेल तो ऑस्मॉसिसबद्दल विचारायचा. फायबरग्लासमध्ये पाणी मुरून बाहेरच्या थरावर फोड येतात, तो प्रकार. माझ्या बोटीला आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घेण्याआधी बोट तपासायला आणलेल्या सर्व्हेअरने ओलाव्याचं यंत्र फिरवलं, खांदे उडवले आणि पुढे गेला. त्या काळी बोटीचा तळ चांगला जाड करत, या फोडांनी ती बुडत नाही. तो थांबला दुसरीकडे. कील जिथे तळाला बोल्टने जोडलेल्या असतात, तिथल्या फुगवट्याभोवती. चिखलात रोज दोनदा बसताना तीन टनांचा भार त्या जोडावर येतो, तो हलतो, केसाएवढ्या चिरा पडतात. सेंटॉरचं खरं दुखणं हे. आधीच्या मालकाने आतून फायबरग्लासच्या आडव्या पट्ट्या घालून तो भाग मजबूत करून घेतला होता आणि बिलं जपून ठेवली होती. त्या बिलांसाठी मी घासाघीस अर्ध्यावर सोडली.

मग सर्व्हेअरने टॉयलेटखालच्या सी-कॉकचा, म्हणजे तळाच्या भोकातून येणारं समुद्राचं पाणी बंद करायच्या तोटीचा, दांडा नुसता वळवायला धरला आणि तो त्याच्या हातात आला. गुलाबी झालेलं पितळ, जस्त निघून गेलेलं, बिस्किटासारखं. त्याच्या पलीकडे समुद्र. तो दांडा त्याने न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. पाण्यात सोडण्याआधी सगळे सी-कॉक बदलले. डोलकाठीला धरणाऱ्या तारा पंधरा वर्षांहून जुन्या होत्या, विमावाल्यांनी त्यावर बोट ठेवलं, त्याही बदलल्या. तिथे १,४०० गेले.

कागदांचं एवढंच सांगतो. लहान जहाजांच्या सरकारी नोंदवहीतलं प्रमाणपत्र म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, जुनी विक्रीखतं मागा. इंग्रजी कायद्यात जहाजाचे ६४ हिस्से धरतात. आमच्या खतावर ‘६४ हिस्से’ वाचून बायको म्हणाली, चौसष्ट कला म्हणायच्या या, एक तरी तुला येते का?

आता चालते कशी. वारा बाजूने किंवा मागून असेल तर झकास. पाच नॉट आरामात, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटर. सायकलवाला हसेल, पण चहा सांडत नाही. वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हटलं की मात्र ती आडवी सरकत राहते, कलली की एक कील लाटेवर धप्प-धप्प आपटते. सोलेंट या आमच्या सामुद्रधुनीच्या पश्चिम टोकाला, हर्स्टच्या चिंचोळ्या तोंडाशी, उधाणाला प्रवाह चार नॉटच्या वर जातो. मेमध्ये मी तिथे उलट्या ओहोटीत वारा कापत बसलो आणि पाऊण तास एकच दीपगृह बघितलं. भरतीचं वेळापत्रक बघून निघणं हा सल्ला नाही, या बोटीची अटच आहे.

इंजिन मूळचंच, व्होल्व्हो पेंटा, दोन सिलिंडरचं डिझेल. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारं. याच्यावर मी सगळ्यात कमी लक्ष दिलं आणि सगळ्यात जास्त पैसे घातले. जूनमध्ये बाबा देवगडहून आले होते. आयुष्य एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये काढलेलं. समोरच्या आइल ऑफ वाइट बेटावरच्या ऑस्बोर्न बेहून परतताना ते मागे टेकून बसले होते. गिलकिकर टोकाच्या जरा अलीकडे त्यांनी मान वळवली. ‘‘ह्या पाणी थुकणा नाय.’’ मी तापमान बघायच्या आत त्यांनी कान लावून सांगितलं होतं. एक्झॉस्टमधून धुराबरोबर पाण्याच्या पिचकाऱ्या येतात, त्या थांबल्या होत्या. आवाज कोरडा झाला होता. पुढे पोर्ट्समथच्या तोंडाशी लहान बोटींना ठरलेल्या चॅनेलमधून इंजिनवरच जावं लागतं, बाजूने फेरीबोटी जात असतात. तिथे हे झालं असतं तर मला इतक्या शांतपणे लिहिता आलं नसतं. इंजिन बंद केलं, शिडावर स्टोक्स बेमध्ये आलो आणि पाच मीटर पाण्यात नांगर टाकला.

पाण्याच्या पंपात रबराचं इंपेलर असतं, फुलासारखं पात्यांचं. झाकणाचे बारीक स्क्रू अशा बाजूला की ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांनीच ओळखायचे. तीन पाती तुटली होती. नवीन इंपेलर माझ्याकडे होतं, ते दहा मिनिटांत बसलं. पण बाबा झाकण लावू देईनात. तीन तुटली तर तीन सापडायला हवीत, नाहीतर ती पुढे जाऊन पाण्याची वाट अडवणार. दोन पंपातच मिळाली. तिसऱ्यासाठी नळी काढून फुंकली, तारेने खरवडलं, अर्धा तास बाबा उकिडवे बसून होते. नाही मिळालं. घरी आलो हळूहळू. जुलैभर इंजिन जरा जास्तच तापायचं. ऑगस्टमध्ये थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिनचं तापमान राखणाऱ्या झडपेचं, घर उघडलं तर ते पातं तिथे आडवं बसलेलं, वर मिठाचा थर. फोटो देवगडला पाठवला. उत्तरात फक्त अंगठा आला.

दोन कीलांचं खरं सुख आइल ऑफ वाइटवरच्या बेम्ब्रिजच्या वाळूवर कळलं. ओहोटीला पाणी गेलं, मी शिडीवरून उतरून बोटीभोवती चक्क चालत फिरलो. तळ घासला, गंज ओढून घेणारा जस्ताचा तुकडा बदलला, वर जाऊन पोहे खाल्ले, भरतीबरोबर निघालो. क्रेनने उचलून हेच करायला यार्डात शेकडो पौंड पडतात.

तक्रार आता एकच उरली आहे आणि ती रोजची आहे. आतल्या छताला चिकटवलेलं रेक्झिन. त्याच्यामागच्या फोमची पन्नास वर्षांत पिवळी पूड झाली आहे, कापड पोट सुटल्यासारखं लोंबतं आणि हात लागला की पूड चहात, अंथरुणात, केसांत. सर्व्हेअरने यावर एक ओळही लिहिली नव्हती, त्यात कुणी बुडत नाही म्हणून असेल. या हिवाळ्यात सगळं उतरवून खरवडणार आहे. कुणी केलं असेल तर गोंद कुठला वापरलात ते सांगा, आणि खरवडताना तोंडाला काय बांधलं होतंत तेही.