७,४०० रुपयांचं जॅकेट, डाव्या बाहीचं टिचबटण आणि नऊ महिने

रायडिंग जॅकेटच्या बाहीवर, कोपराच्या जरा वर, टिचबटणाची एक छोटी पट्टी असते. बाही सैल वाटली की पट्टी पहिल्या बटणावरून दुसऱ्यावर घ्यायची. विकत घेताना तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही, माझंही गेलं नव्हतं. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, नी गार्ड सगळ्याचा अनुभव सांगते, पण फिरून फिरून मी या पट्टीवर येणार आहे. त्या एका बटणापायी माझं डावं कोपर तीन आठवडे सुजलेलं होतं.

माझं वय ४१. चौदा वर्षं बिनगिअरची स्कूटर चालवली आणि या फेब्रुवारीत पहिल्यांदा गिअरची गाडी घेतली, १५० सीसी, सेकंडहँड, ५८ हजारांना. राहायला नाशिकरोडला, नोकरी सिन्नरजवळच्या माळेगाव एमआयडीसीत, एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात. म्हणजे रोज जाता-येता शिंदे-पळसे, टोलनाका, मोहदरी घाट, आणि सोबतीला कांद्याचे ट्रॅक्टर, कंटेनर नि एसट्या. स्कूटरवर हे अंतर कधी केलं नव्हतं, कंपनीच्या बसने जायचे. त्यामुळे गाडीबरोबरच रायडिंग गिअर घ्यायचं ठरवलं. हेल्मेट ४,६००, जाळीचं जॅकेट ७,४००, ग्लोव्ह्ज २,२००, नी गार्ड १,९००. एकूण १६,१००. बुटांवर खर्च केला नाही, कारखान्याचे घोट्यापर्यंतचे सेफ्टी शूजच घालते. ५८ हजारांच्या गाडीला १६ हजारांचं सामान कशाला, असं घरात सगळ्यांनी विचारलं. पैसे माझे होते आणि ते मला जडही गेले, म्हणून प्रत्येक वस्तू नीट वापरून, तपासून लिहिते आहे.

हेल्मेटबद्दल थोडक्यात. फुल फेस, आयएसआयबरोबर ईसीई २२.०६ या युरोपातल्या हेल्मेट-मानकाचाही शिक्का असलेलं. पहिले पंधरा दिवस गाल दाबले जायचे, ते तसंच असायला हवं. महिन्याभरात आतला स्पंज बसतो आणि बेताचं होतं. सुरुवातीलाच आरामदायी वाटलेलं हेल्मेट सहा महिन्यांत डोक्यावर गोल फिरायला लागतं. पावसात काचेवर वाफ धरते, व्हायजर एक खाच उघडा ठेवून चालवते. आयएसआय नसलेली हेल्मेट विकायला १ जून २०२१ पासून बंदी आहे, तरी हायवेच्या कडेला दोरीवर टांगलेल्या टोप्या अजून विकल्या जातात आणि आमच्या गेटवर निम्मी पोरं त्याच घालून येतात. ते रोज बघताना फार वाईट वाटतं.

आता जॅकेट. बायकांच्या मापाचं जॅकेट नाशिकमध्ये तीन दुकानांत विचारलं, मिळालं नाही. शेवटी पुरुषांचं स्मॉल घेतलं. खांदे बरोबर बसले, पण बाह्या ढगळ. कोपराच्या वर माझ्या दंडाचा घेर २५ सेंटिमीटर, तिथे बाहीचा घेर ३८. दुकानदार म्हणाला, “मॅडम, ही पट्टी आवळा, एकदम फिट बसेल.” आवळली, बसलं. अडीच महिने काही तक्रार नव्हती. एप्रिलच्या उन्हातही गाडी चालती असली की जाळीतून वारा लागतो. सिग्नलला मात्र भट्टी.

एप्रिलच्या शेवटी डाव्या बाहीचं बटण निघालं. नुसतं सुटलं नाही, जाळी फाडून भोकासकट बाहेर आलं. कस्टमर केअरला फोटो पाठवले. चार दिवसांनी उत्तर आलं की बटण हा सजावटीचा भाग आहे, तो वॉरंटीत येत नाही. हवं तर जॅकेट स्वतःच्या कुरिअर खर्चाने पाठवा, तीन आठवड्यांत बघून कळवू. ते तीन आठवडे मी काय घालून घाट चढायचा, याला उत्तर नव्हतं. ‘सजावटीचा भाग’ हे दोन शब्द अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. मी जॅकेट पाठवलं नाही आणि तसंच वापरत राहिले. ही चूक माझी. आमच्या विभागात कुणी एक बोल्ट कमी असलेला जॉब पुढे सोडला असता तर मी तो अडवला असता, आणि स्वतःच्या अंगावर मात्र सात आठवडे सोडला.

जूनच्या मध्यावर, पहिल्या चांगल्या पावसानंतर, संध्याकाळी परतताना पळशाजवळ हायवेवरून सर्व्हिस रोडला उतरत होते. वेग तीसच्या आसपास. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने डांबरावर चिखलाचे पट्टे ओढून ठेवले होते. वळताना पुढचं चाक त्यावर गेलं आणि हँडल हातातून निसटल्यासारखं झालं. गाडी डावीकडे, मी गाडीच्या मागोमाग. आठवतो तो आवाज, हाताखाली प्लास्टिक खरवडल्याचा. ग्लोव्ह्जच्या तळव्याला मनगटाजवळ एक कडक तुकडा असतो, स्लायडर. पडताना माणूस हात टेकतोच. हात जागीच अडकला तर सगळा भार मनगटाच्या लहान हाडांवर येतो. स्लायडरमुळे हात घसरत पुढे जातो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात व्हर्नियर लावून बघितलं, स्लायडरवर पाऊण मिलिमीटर खोल चर पडली होती. तळहाताला ओरखडासुद्धा नाही. खरं सांगायचं तर सगळ्या सामानात ग्लोव्ह्जचे पैसे मला वायफळ वाटत होते. ते मत त्या संध्याकाळी बदललं.

नी गार्डनेही काम केलं. मी ते पँटच्या वरून, वर-खाली दोन्ही पट्टे आवळून लावते. डावं घासलं, जागचं हललं नाही. डोकं कुठे लागलं नाही. लागलं असतं तर हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदललं असतं, कारण आतला थर्माकोल एकदाच दबतो आणि परत फुगत नाही.

कोपराचं मात्र वेगळं झालं. बाहीत पॅड होतं, चांगलं होतं, पण पडताना ते कोपरावर नव्हतं. सैल बाहीत ते फिरून हाताच्या आतल्या बाजूला गेलं होतं. कोपराच्या टोकाखाली उरली नुसती जाळी आणि अस्तर. कापड फाटलं नाही, कातडी सोलली नाही, पण मुका मार सगळा हाडाला बसला. रात्रीपर्यंत कोपरावर लिंबाएवढी गाठ. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. हाडावरची पाण्याची पिशवी सुजली आहे, असं डॉक्टर म्हणाले. तीन आठवडे गाडी बंद.

त्या तीन आठवड्यांत बरंच वाचलं. अमेरिकेतला १९८१ चा हर्ट अहवाल जुना असला तरी त्यातली एक गोष्ट मला लागू पडली. लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांच्या तपासणीत निम्म्याहून जास्त चालकांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेही झाले नव्हते. मी पाचव्या महिन्यात होते. चौदा वर्षांची स्कूटर हिशोबात धरून मी स्वतःला नवखी समजत नव्हते, पण या गाडीवर नवखीच होते.

दुसरं वाचन पॅडचं. जॅकेटच्या लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘सीई लेव्हल’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा नुसत्या पॅडबद्दल असतं, अख्ख्या जॅकेटबद्दल नाही. सीई हा युरोपातला शिक्का आणि ईएन ही तिथली मानकं. कोपर, खांदा, गुडघ्याच्या पॅडचं मानक ईएन १६२१-१. त्यात ५० जूलचा आघात करतात, म्हणजे ५ किलोचं वजन साधारण एक मीटरवरून टाकल्यासारखं, आणि पॅडच्या पलीकडे किती बल पोचलं ते मोजतात. लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, लेव्हल २ ला २० पर्यंत. फरक मोठा आहे, आणि लेव्हल २ घ्या असं सगळे सांगतात ते बरोबरच आहे. पण चाचणीत पॅड ठोकणीवर नीट बसवलेलं असतं, घाव त्याच्यावरच पडतो. माझ्या बाबतीत पॅड पाच सेंटिमीटर बाजूला होतं. तिथे लेव्हल २ असतं तरी गाठ आलीच असती. कपड्याचं मानक वेगळं, ईएन १७०९२, त्यात एएएपासून खाली वर्ग आहेत. माझ्या जॅकेटच्या लेबलवर ते नव्हतंच. पाठीच्या खिशात तर नुसता फोमचा तुकडा निघाला. पाठीच्या खऱ्या पॅडवर ईएन १६२१-२ लिहिलेलं असतं.

पाच सेंटिमीटर हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. हात बरा झाल्यावर जॅकेट घातलं, गाडीवर बसून हँडल धरलं आणि भाचीकडून बाहीवर, कोपराच्या टोकावर खडूची खूण करून घेतली. मग तिला बाही पिळून ओढायला सांगितली. डावीकडे, बटण नसलेल्या बाहीची खूण ५५ मिलिमीटर सरकली. उजवीकडे पट्टी आवळलेली होती, तिथे १२. हे आकडे आणि एक्स-रे कंपनीला पाठवले. उत्तरात पुढच्या खरेदीवर १५ टक्के सवलतीचं कूपन आलं. वापरलं नाही.

बिटको चौकाजवळ बॅगा आणि बूट दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांच्याकडे बाही नेली. उलटी करून क्षणभर बघितली आणि म्हणाले, “ताई, जाळीवर बटण टिकत नसतं. खाली पट्टी लागते, ती यांनी घातलीच नाही.” आतून चामड्याचा तुकडा शिवला, वर नवं बटण ठोकलं. उजव्या बाहीचंही करून घेतलं, कारण ते आज ना उद्या निघणारच होतं. दोन्हींचे मिळून ४० रुपये. त्याला आता चार महिने झाले, पूर्ण पावसाळा गेला, बटण जागचं हललं नाही. ४० रुपयांत होणारं काम ७,४०० च्या वस्तूत का होऊ नये, याचा राग मात्र तसाच आहे.

एप्रिलमध्ये लिहिलं असतं तर जॅकेटला नापासच केलं असतं. आज तसं म्हणवत नाही. पडल्यावर धुऊन एकेक शिवण तपासली, खांद्याचा जोड कुठे उसवलेला नाही, डाव्या बाहीवर फक्त तंतू घासलेत. कापड आणि शिवण चांगली आहे, खोट बटणाखालच्या पट्टीची. बाही मुळातच अंगाबरोबर बसत असेल त्याला हा दोष कदाचित जाणवणारही नाही. माझ्यासारख्या बारीक हाताच्या बाईला किंवा नुकतंच लायसन्स मिळालेल्या किडकिडीत पोराला तो पहिल्याच पडण्यात जाणवेल. ग्लोव्ह्जच्या मानकात, ईएन १३५९४ मध्ये, ग्लोव्ह हातातून ओढून निघतो का याची चाचणी आहे. हेल्मेट डोक्यावरून निसटतं का हेही तपासतात. बाहीची पट्टी सजावटीत मोडते असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

दिवाळीनंतर भाचीला गाडी शिकायची आहे, म्हणून गेल्या रविवारी तिच्यासाठी जॅकेट बघायला गेलो. तिला काळं हवं होतं. पहिल्या दोन जॅकेटांत तिला स्टुलावर बसवून हँडल धरल्यासारखे हात पुढे करायला लावले आणि बाही पिळली. दोन्ही वेळा पॅड फिरून दंडाच्या आत गेलं. दुकानदार कंटाळला होता. “मावशी, राहू दे ना,” ती म्हणाली. तिसरं राखाडी होतं, पट्टी आवळल्यावर पॅड कोपरावरच राहिलं. बाही उलटी करून आतून बोट फिरवलं, तर बटणाखाली जाड पट्टी हाताला लागली. तेच घेतलं, ८,१०० ला.