टिशू कल्चरच्या नावाखाली गुटीची रोपं: डाळिंब लावणाऱ्यांनी वाचावं

सांगोला तालुक्यातल्या आमच्या रानात पावसाळ्याच्या तोंडावर भगव्याची, म्हणजे डाळिंबाच्या भगवा जातीची, नवी लागण केली. रोपं टिशू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली, म्हणून घेतली. झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेल्या गुटीच्या रोपांच्या जवळपास दुप्पट भाव मोजला. निघाली गुटीचीच, तीही तेल्या हा जिवाणूंचा रोग लागलेल्या बागेतली. डाळिंबवाल्यांनी आणि उद्यानविद्या शिकणाऱ्या पोरांनी हे नीट वाचावं. ही फसवणूक पिशवीतल्या मातीखाली असते, वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही.

विक्रेता गाडी घेऊन थेट बांधावर आला. ‘मालक, केगावच्या केंद्रातला माल हाय, शंभर टक्के रोगमुक्त.’ सोलापूर-पुणे रस्त्यावर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. ते नाव कानावर पडलं की माणूस निर्धास्त होतो, आणि असले लोक नेमकं तेच नाव पुढं करतात. पिशव्या एकसारख्या, पानं हिरवीगार, वर ‘टिशू कल्चर भगवा’ अशी छापील चिठ्ठी. पक्कं बिल मागितलं तर ‘गाडी खाली झाली की व्हॉट्सॲपला टाकतो’ म्हणाला. हातात दिली ती वहीच्या पानावरची पावती. तीवर ‘डाळिंब रोपे’ एवढंच. ना जात, ना परवाना क्रमांक.

पाऊस लागून राहिला तसे पानांवर ठिपके दिसू लागले. पान उन्हाकडं धरलं की ठिपका तेल लागल्यासारखा चमकायचा. मग पेऱ्यांवर काळे व्रण आले आणि कोवळ्या फांद्या नेमक्या तिथंच मोडायला लागल्या.

भाचा उद्यानविद्या शिकतो. त्यानं एक रोप मुळासकट काढलं, बादलीत बुडवून माती हळूहळू सोडवली. टिशू कल्चरच्या रोपाच्या बुडाशी कापलेलं जुनं लाकूड नसतं, बऱ्याचदा बुडातूनच दोन-चार बारीक फुटवे येतात. आमच्या रोपाचं खोड मात्र खाली मध्येच संपलं होतं. सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) छाटल्यासारखा सपाट काप, कापाच्या जरा वर फुगलेलं कडं, आणि सगळी मुळं त्या एका कड्यातून फुटलेली. भाचा म्हणाला, ‘मामा, ही तर सरळ गुटी आहे.’

ज्यांनी गुटी बांधली आहे त्यांना हे कडं ओळखू येईल. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची इंचभर साल गोल काढतात, वरच्या कापाला मुळं फुटायला मदत करणारं आयबीए संजीवक लावतात, ओलं शेवाळ गुंडाळून प्लास्टिक घट्ट बांधतात. साल नसल्यामुळं पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरत नाही, वरच्या कापाशी साठतं आणि तिथूनच मुळं फुटतात. मुळं पुरेशी झाली की खालून फांदी कापून पिशवीत लावायची. बादलीत दिसत होता तो हाच काप.

गुटीला माझं नाव ठेवणं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी बागा गुटीवर उभ्या राहिल्या. पण गुटी म्हणजे मातृवृक्षाचाच तुकडा, त्याचा गुण येतो तसा त्याच्या अंगातला तेल्याही येतो. म्हणून मातृबाग डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गुटी घेत नाहीत. टिशू कल्चरमध्ये निवडलेल्या झाडाचा बारीक भाग प्रयोगशाळेत निर्जंतुक माध्यमावर वाढवतात, मग रोपं आधी हरितगृहात आणि नंतर शेडनेटमध्ये कणखर करतात. जास्तीचे पैसे त्या कामाचे असतात. आमच्याकडून ते घेतले आणि रोगट बागेतल्या फांद्या माथी मारल्या.

पुढं आणखी रोपं धुतली तेव्हा काहींना एकच सरळ सोटमूळ निघालं. ती चक्क बियांची होती. डाळिंबात परपरागीभवन होतं, त्यामुळं भगव्याच्या बीपासून भगवाच येईल असं नाही. हे पहिलं फळ हातात येईपर्यंत कळलंही नसतं.

विक्रेत्याला फोन केला तर त्यानं उलट ऐकवलं, ‘तेल्या तुमच्याच रानात होता.’ नंतर नंबर बंद. पैशापेक्षा मला या गोष्टीचा संताप येतो की शेजारच्यांच्या बागा फळावर आहेत, आणि तेल्याचा जिवाणू पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो. स्वतःच्या नफ्यापायी त्या माणसानं अख्खं शिवार धोक्यात घातलं.

रोपं उपटण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज देऊन पंचनामा करून घेतला, फोटो काढले, पावती आणि छापील चिठ्ठ्या जपून ठेवल्या. मगच सगळं उपटून जाळलं. राज्यात फळरोपवाटिकांसाठी 1969 चा कायदा आहे, त्याखाली रोपवाटिकेला परवाना लागतो. तो क्रमांक बिलावर मागा. टिशू कल्चर म्हणत असतील तर प्रयोगशाळा कोणती, तिचं प्रमाणपत्र कुठं, हे विचारा. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची त्यासाठी राष्ट्रीय प्रमाणन पद्धत आहे. आणि गाडी खाली होण्याआधी कुठल्याही दोन पिशव्या स्वतः निवडून, फाडून, मुळं धुऊन बघा. खरा रोपवाटिकावाला दोन रोपांसाठी अडवणार नाही.

शेतकरी हा ग्राहक आहे, हे बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये स्पष्ट केलं आहे. ग्राहक आयोगाकडं तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. डाळिंबाचा पहिला बहर धरेपर्यंतच साधारण तेवढा काळ जातो, म्हणून फळाची वाट बघत बसू नका. यंदा बांधावर आलेल्या गाडीतून कुणी रोपं घेतली असतील तर या आठवड्यातच दोन रोपं काढून धुवा, आणि कापलेलं बूड दिसलं तर उपटायच्या आधी पंचनाम्यासाठी अर्ज द्या.