ओसीडीची उरलेली लक्षणं: थेरपी की घरचा सराव?

गोळ्यांनी ओसीडी (नको ते विचार आणि त्यापोटी तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) बराच उतरला, तरी कडी पुन्हा पुन्हा तपासणं, मासळी साफ केल्यावर हात धूतच राहणं मागे उरतं. त्यावर मला ईआरपी थेरपीच (भीतीला मुद्दाम सामोरं जायचं, पण नेहमीची कृती टाळायची) सरस वाटते. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांच्या 1966 मधल्या कामातून ती घडत गेली. बांगडा साफ करायचा, हात एकदाच धुवायचे, मग येणारी अस्वस्थता सोसायची. सोपी भीती आधी, अवघड नंतर. थेरपिस्ट सोबत असला की पायऱ्या चुकत नाहीत. पण गुहागर-राजापूरहून दर आठवड्याला रत्नागिरी गाठणं पावसात कठीणच. व्हिडिओ कॉलवरची सत्रंही चालतात.

घरचा सराव फुकट आणि रोजचा. ‘दहा मिनिटांनी धुवेन’ असं ठरवून थांबणं खरंच उपयोगी. मात्र शंका मिटवायला नामजप सुरू केला, तर हात धुण्यासारखा तोच नवा विधी होतो. घरच्यांनीही ‘कडी लावली ना?’ याला दरवेळी उत्तर देऊ नये. सराव एकट्याने झेपत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास सुरू असतो.