लारावेलचं कर्सर पेजिनेशन: संत्र्याचा अख्खा सीझन वापरल्यानंतर

नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडतीचं आवक-पावतीचं वेब ॲप आम्ही सांभाळतो, लारावेल (पीएचपीचं वेब फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) वर. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल सुरू झाला की पहाटेपासून गाड्या लागतात आणि पावत्या धडाधड पडत राहतात, त्यामुळे पेजिनेशन, म्हणजे लांब यादी पानापानाने दाखवणं, कसं आहे हे खरं तिथेच कळतं. डेमो डेटावर सगळंच छान चालतं.

आधी साधं पेजिनेट होतं. काही न सांगता पानाला 15 ओळी देतं, खाली पान नंबर देतं, मस्त. पण दिवाणजी दुसऱ्या पानावर गेले की म्हणायचे, "भाऊ, हे पावती तर आत्ताच पाहिली ना मी, पुन्हा काऊन दिसून राहिली?" आणि त्यांचं बरोबरच होतं. नवीन पावती वर असा क्रम आहे, ते पहिलं पान बघत असताना 3 नव्या पावत्या पडल्या की पहिल्या पानाच्या शेवटच्या 3 खाली सरकून दुसऱ्या पानावर येतात, कारण ऑफसेट, म्हणजे वरून किती ओळी सोडायच्या तो आकडा, फक्त "वरच्या 15 सोड" एवढंच सांगतो, कोणत्या 15 ते त्याला माहीतच नसतं. दुसरं म्हणजे स्पीड. 2000 वं पान मागितलं की डेटाबेस आधीच्या 29,985 ओळी वाचून टाकून देतो आणि मग तुम्हाला 15 देतो, शिवाय प्रत्येक पानाला एकूण किती ते मोजायची काउंट क्वेरी वेगळी, आणि इनोडीबी (मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं इंजिन) एकूण आकडा कुठे साठवून ठेवत नाही, दरवेळी इंडेक्स (ओळी पटकन शोधायची क्रमवार सूची) वाचून मोजतं.

मधे सिंपलपेजिनेट लावून पाहिलं. ते काउंट करत नाही, एक ओळ जास्त आणून पुढे पान आहे का तेवढं बघतं. थोडा फरक पडला पण ऑफसेट तोच, म्हणून दिवाणजींची तक्रारही तीच.

मग कर्सरपेजिनेट, 2021 मध्ये लारावेल 8 मध्ये आलेलं. हे शेवटची दिसलेली ओळ लक्षात ठेवतं (ती खूण म्हणजेच कर्सर, पुढच्या पानाच्या लिंकमध्ये जाते) आणि "याच्यानंतरच्या दे" म्हणतं, त्यामुळे इंडेक्स असला की थेट त्या जागी पोचतं, कितीही खोल गेलात तरी. वर नव्या पावत्या पडू देत, खालची यादी हलत नाही. भर सीझनमध्ये पुन्हा दिसणाऱ्या पावत्यांचा फोन आला नाही, माझ्यासाठी हेच सगळ्यात मोठं.

पण सॉर्टिंगचा कॉलम युनिक, म्हणजे दोन ओळींत तीच व्हॅल्यू नसलेला, पाहिजे म्हणजे पाहिजेच. आमच्याकडे दोन काट्यांवर एकाच सेकंदाला पावती पडते, नुसत्या वेळेवर क्रम लावला तर पानाच्या सीमेवरची एक पावती गुपचूप गायब होऊ शकते, आणि अडतीत गायब पावती म्हणजे कुण्या शेतकऱ्याचा माल हिशोबातून गेला. म्हणून सॉर्टमध्ये वेळेनंतर पावतीचा युनिक आयडी लावायचाच. रिकामी व्हॅल्यू असलेला कॉलमही चालत नाही, तोलाईची वेळ माल तोलेपर्यंत रिकामीच असते, त्यामुळे त्यावर सॉर्ट नाही ठेवलं.

पान नंबर मिळत नाहीत, एकूण आकडाही नाही. हिशोबाच्या ताईंना दोन्ही लागतं, त्या "137 व्या पानावर थांबले होते" असंच बोलतात. त्यांच्या रिपोर्टला मी साधं पेजिनेटच ठेवलंय, तारखेचा फिल्टर सक्तीचा करून. महिन्याभराचाच डेटा असतो आणि जुन्या तारखांत नवी पावती पडत नाही, तिथे ऑफसेटचा काहीच त्रास नाही. सगळीकडे कर्सर लावा असं जे सांगतात ते मला पटत नाही, आधी ती स्क्रीन कोण बघतं ते बघा.

आणि हो, फिल्टर लावलेले असतील तर विथक्वेरीस्ट्रिंग (लिंकमधले फिल्टर पुढच्या पानाच्या लिंकलाही जोडणारी मेथड) विसरू नका, नाहीतर पुढच्या पानावर फिल्टर उडतात. सॉर्ट बदलला की मात्र लिंकमधला जुना कर्सर काढून टाका, कारण त्यात जुन्याच कॉलमची व्हॅल्यू असते आणि नवा कॉलम त्यात सापडला नाही की लारावेल सरळ एक्सेप्शन (एरर) फेकतं.