आबांचं जनता की बाबांचं क्वार्ट्झ?

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. वाईचं जुनं घर रिकामं करताना त्याला कपाटाच्या चोरकप्प्यात दोन घड्याळं सापडली. एक त्याच्या आजोबांचं किल्लीचं एचएमटी, दुसरं काकांचं सेलवर चालणारं. दोन्ही बंद. "दादा, खर्च एकावरच करायचाय, रोज घालायला. तू दोन्ही प्रकार वापरलेस, तूच सांग." मी दहा मिनिटं गोल गोल बोललो आणि शेवटी काहीच सांगितलं नाही. म्हणून हे लिहून काढतोय.

ज्वेल किती, तबकडी केवढी, हे इथं सापडणार नाही. ते कुठंही मिळतं. माझ्याजवळ फक्त दोन घड्याळांचा सहवास आहे. बाबांचं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, मी सहा वर्षं घातलं. त्यानंतर गेली अकरा वर्षं आबांचं, म्हणजे आजोबांचं, एचएमटीचं 'जनता' हे किल्लीचं मॉडेल घालतोय. क्वार्ट्झच्या कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढं कुरकुर येणार आहे आणि तीत कंपनीचा दोष फारसा नाही.

बरोबर वेळ हवी असेल तर प्रश्नच मिटला. क्वार्ट्झ घ्या आणि पुढचं वाचू नका. बाबांचं घड्याळ सहा महिने हात न लावता ठेवलं तरी रेडिओच्या बातम्यांशी जुळायचं. जनता माझ्याकडं आलं तेव्हा दिवसाला चार मिनिटं मागं पडायचं. ऑइलिंग झाल्यावर दीड-दोन मिनिटांवर आलं, तिथंच थांबलं. रात्री उताणं ठेवलं तर कमी मागं पडतं, किल्लीच्या अंगावर उभं ठेवलं तर जास्त, असं माझं निरीक्षण. मोजायचं यंत्र माझ्याकडं नाही, सकाळी मोबाईलशी ताडून बघतो, एवढंच. एकदा तर ते एका दिवसात पंधरा मिनिटं पुढं पळालं. मी घाबरून घड्याळजीकडं नेलं. त्यानं विचारलं, "मोबाईलच्या कव्हरवर ठेवता का रात्री?" कव्हरच्या झडपेत लोहचुंबक होतं. त्यानं एका छोट्या डबीवर घड्याळ धरून बाजूला नेलं, झालं काम. पैसेही घेतले नाहीत. तेव्हा ज्यांची सकाळ लोकलच्या मिनिटांवर चालते, त्यांनी जनता घालावं, असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

किल्ली द्यायचा कंटाळा हा लोकांचा दुसरा मुद्दा. मला तो कधीच पटला नाही. पंचवीस-तीस वेळा अंगठा फिरवायला अर्धं मिनिट लागतं आणि ते घड्याळ दीड दिवस चालतं. आबा आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्या लागल्या की किल्ली द्यायचे. बातम्या संपेपर्यंत घड्याळ हातातच. बाबा लहानपणी हात पुढं करायचे तर, "जास्त पिळशील, कमान तुटेल," म्हणून आबा त्यांना घड्याळ देत नसत. कमान म्हणजे किल्लीनं पिळली जाणारी आतली स्प्रिंग. बाबांनी ते घड्याळ आयुष्यात कधी घातलं नाही. नोकरीला लागल्यावर स्वतःच्या पगारातून सेलवरचं घेतलं. त्यात किल्ली नव्हती, हा योगायोग असेल.

पावसाळ्यात मात्र जनता हरतं. जून ते सप्टेंबर मी ते बाहेरगावी नेत नाही. एका जुलैत रत्नागिरीला नेलं होतं, दुसऱ्या दिवशी काचेच्या आत वाफ. बाराच्या आकड्यापाशी एक बारीक तपकिरी डाग आहे, तो त्या सहलीचा. पण जुन्या क्वार्ट्झवरही मागं 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलंय म्हणून ते घालून विहिरीत उडी मारू नका. आतली रबराची रिंग इतक्या वर्षांत चपटी होऊन गेलेली असते.

काचेचं उलट. जनताची काच म्हणजे प्लॅस्टिकच. चरे लगेच पडतात आणि टूथपेस्ट लावून मऊ फडक्यानं दहा मिनिटं घासली की बरेचसे जातातही. क्वार्ट्झची खरी काच सहसा चरत नाही, पण चरली की कायमची. केसचं, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या घराचं, विचाराल तर आबांच्या घड्याळावरचा मुलामा कोपऱ्यांवर उडून आतलं पिवळं पितळ दिसतं. सहाच्या खालचा कोपरा सगळ्यात जास्त झिजलाय. आबा शाळामास्तर, टेबलाच्या कडेला मनगट टेकवून हजेरी घ्यायचे. मी लॅपटॉपच्या कडेला टेकवतो, तोच कोपरा. आठच्या बाजूचा खोल ओरखडा माझा, राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या चढावर कातळाला घासलं गेलं तेव्हाचा. त्या दिवशी जीव हळहळला होता. आता कुणी घड्याळ बघायला मागितलं की तो ओरखडा मीच आधी दाखवतो. क्वार्ट्झला सहा वर्षांत माझा असा एकही ओरखडा पडला नाही. गुण म्हणा, दोष म्हणा.

प्रवासात दोन्हींची गंमत वेगळी. जनताला तारीख-वार नाही. दुबईला उतरल्यावर किल्ली ओढली, दीड तास मागं केलं, संपलं. बाबांच्या घड्याळात तारीख होती, ती तीस दिवसांच्या महिन्यानंतर पुढं सरकवायचं मी हमखास विसरायचो आणि दोन-तीन दिवस चुकीच्या तारखेत वावरायचो. रात्री मात्र जनता त्रास देतं. अंधारात काटे दिसत नाहीत आणि लाकडी टेबलावर ठेवलं की टिकटिक खोलीभर होते. सेकंदाला पाच ठोके. बायको लॉजमध्ये ते टॉवेलात गुंडाळून बॅगेत टाकते. मला त्या आवाजाशिवाय परक्या गावात झोप येत नाही, पण हा निकष दुसऱ्या कुणाला लागू होईल असं नाही.

आता ज्या गोष्टीनं माझं ठरलं ती.

मिरजेला एका लग्नाला गेलो होतो, परतीचं रात्रीच्या महालक्ष्मीचं रिझर्व्हेशन. स्टेशनजवळच्या खानावळीत जेवायला बसलो, मोबाईल गल्ल्यावर चार्जिंगला दिलेला. घड्याळात पाहिलं, नऊ दहा. भरपूर वेळ. आणखी एक भाकरी घेतली, पांढरा रस्सा घेतला. पुन्हा पाहिलं, नऊ दहा. सेकंदकाटा हलत नव्हता हे लक्षात यायला तिसऱ्यांदा बघावं लागलं. गाडी गेली होती. ती रात्र एसटीत काढली.

काही क्वार्ट्झ घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा चार-चार सेकंदांच्या उड्या मारून कळवतो. बाबांच्या घड्याळात ती सोय नव्हती. जनता थांबतं तेव्हा मला माहीत असतं की किल्ली मी विसरलो. क्वार्ट्झचं हे असं मुकाट्यानं थांबणं मला लागलं. तरी गाडी चुकली म्हणून कुणी वडिलांचं घड्याळ उतरवून ठेवत नाही. मीही ठेवलं नसतं.

पुण्यात आल्यावर सेल बदलायला दिलं. नवा सेल घातला, घड्याळ ढिम्म. आधीचा सेल मीच रस्त्यावर स्वस्तातला टाकून घेतला होता, तो आत गळला होता. हिरवट क्षार सर्किटपर्यंत पोचलेला. दुकानदार समजुतीनं म्हणाला, "मशीनच बदलून टाकू, साहेब. नव्यापेक्षा बरं चालेल." मी हो म्हटलं. तासाभरानं घड्याळ हातात मिळालं, सेकंदाला सेकंद बरोबर. संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हे काटे माझे नाहीत."

नव्हतेच. नव्या मशीनच्या दांड्यांवर जुन्या काट्यांची भोकं बसेनात म्हणून दुकानदारानं दुसरे काटे लावले होते. जुने सोनेरी, टोकाला निमुळते. नवे चंदेरी, सरळसोट. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. जुनं मशीन आणि काटे मागितले. कचऱ्यात गेले होते. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, क्वार्ट्झ दुरुस्त करायची पद्धतच ती आहे. आतलं उघडून झारत बसत नाहीत, अख्खं काढून अख्खं घालतात. पण मग माझ्या हातात बाबांचं काय उरलं? केस, तबकडी आणि मागचं झाकण. ज्यानं बाबांना तीस वर्षं ऑफिसला वेळेवर पोचवलं ते सगळं डस्टबिनमध्ये.

इथं तुम्ही मला अडवाल, आणि अडवायलाच हवं. आबांच्या जनतातही कमान दुसऱ्या घड्याळातली आहे. चार वर्षांपूर्वी किल्ली देताना कट्ट आवाज झाला आणि किल्ली गरगर फिरायला लागली. आबांचं भाकीत खरं झालं, फक्त पिढी चुकली. घड्याळजीनं ड्रॉवरमधून एक मेलेलं एचएमटी काढलं आणि त्यातली कमान घातली. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या साहाय्यानं बंगळुरात घड्याळं करायला घेतली, आणि पुढं जनता, पायलट अशी कितीतरी मॉडेलं मुळात त्याच मशीनवर निघाली. त्यामुळं एकाचं दुसऱ्याला चालतं. म्हणजे माझ्या मनगटावर आबांच्या घड्याळात कुणा अनोळखी माणसाच्या घड्याळाची कमान आहे. तरी ते मला आबांचंच वाटतं. घड्याळजीनं बाकी सगळं माझ्यासमोर उघडलं, पुसलं आणि परत तिथंच बसवलं, म्हणून असेल. एक भाग बदलणं आणि अख्खं मशीन बदलणं यात फरक आहे असं मी धरून चालतो. हा पक्षपात आहे हे मला मान्य आहे.

मावसभावानं जनता निवडलं तर त्याला एक सावधगिरी सांगायची आहे. दुकानात पहिल्या पाच मिनिटांत विचारतील, "डायल नवं करून देऊ का?" नको म्हणायचं. ते डायल घासून वर नवा रंग आणि नवी अक्षरं छापतात. दिसायला झक्क, पण आजोबांनी ज्यात रोज वेळ पाहिली ती तबकडी गेली. एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ च्या जानेवारीत घेतला. लोकांची ओढ वाढली तशी अशा रंगवलेल्या घड्याळांचीही चलती झाली. हौशी मंडळी त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. भडक निळी-केशरी नवीकोरी तबकडी आणि केसचे कोपरे मात्र गोटे झालेले, असं दिसलं की समजायचं. ज्याला घरात जुनं सापडलेलं नाही आणि बाजारातून घ्यायचंय, त्यानं तर हे आधी बघावं.

पट्ट्यावर भांडू नका. १८ मिमीचा साधा चामडी पट्टा घ्या, दर दोन वर्षांनी घामानं तो जाणारच. आबांचा मूळ पट्टा आईनं एका डबीत ठेवलाय, कडक होऊन तुटायला आलेला. तो घालायचा मोह मलाही झाला होता. स्वारगेटच्या गर्दीत पट्टा तुटला तर घड्याळ कुठं शोधणार?

क्वार्ट्झ निवडलं तर दोनच गोष्टी. सेल सिल्व्हर ऑक्साइडचाच मागायचा, आणि घड्याळ बंद पडलं तर सेल आत ठेवून कपाटात टाकायचं नाही. काकांच्या घड्याळातला सेल किती वर्षं आत आहे कोण जाणे. तो आधी काढ, आजच काढ. उघडल्यावर आत स्वच्छ निघालं आणि नुसत्या सेलवर चालू झालं, तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवून तेच घाल. चालू असलेल्या घड्याळाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण मशीन बदलावं लागणार असेल तर माझं मत आजोबांच्या बाजूनं. खर्च थोडा जास्त येईल, वेळ जास्त लागेल, आणि म्हातारा घड्याळजी शोधावा लागेल, तो दर वर्षी शोधायला अवघड होतोय.

बाबांचं क्वार्ट्झ आता बाबांकडंच परत गेलंय. काट्यांवरून पहिले काही दिवस कुरकुरले, मग घालायला लागले. त्यांना बरोबर वेळ लागते. औषधं, बातम्या, कोपऱ्यावरच्या मित्रांची बैठक. मी जनता का घालतो यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

गेल्या जानेवारीत ऑफिसच्या कामाला आठ दिवस दिल्लीला गेलो आणि घाईत घड्याळ घरीच विसरलं. परत आलो त्या रात्री ड्रॉवर उघडला, जनता चालू होतं. मिनिटाला मिनिट बरोबर. बायकोला विचारलं, तिनं नकारार्थी मान हलवली. बाहेर बाबा टीव्हीसमोर बसले होते, मनगटावर ते चंदेरी काट्यांचं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फक्त मी किल्ली द्यायला लागलो तसं तिकडूनच म्हणाले, "आज दिलीय. जास्त पिळू नकोस."